कॅमेरा कुणाच्या हातात होता?

ऑक्टोबर लागला की भयपटवेड्यांचा एक ठरलेला खेळ सुरू होतो. हॅलोविनच्या निमित्तानं जुन्या मालिका पुन्हा बघायच्या, त्यांतल्या भागांची उतरंड लावायची आणि त्या उतरंडीवरून भांडायचं. 'व्हीएचएस' ही त्यांतली लाडकी मालिका: सापडलेल्या व्हिडिओ टेपांवरच्या भयकथांचे चित्रपट. पहिला नंबर कुणाचा यावर दोन माणसांचं पटत नाही, पण तळाला कोण यावर सहसा वाद होत नाही. 2014 साली आलेला तिसरा भाग, 'व्हीएचएस: व्हायरल'. तो तळाला आहे हे मलाही मान्य आहे. मान्य नाहीत ती त्याची दिली जाणारी कारणं. एक गट सांगतो, फाउंड फुटेज, म्हणजे पात्रांनीच टिपलेलं आणि नंतर कुणाला तरी सापडलेलं चित्रण म्हणून गोष्ट दाखवायची, हा प्रकारच तोवर मेला होता, मढ्याला कितीही नटवलं तरी ते उठून चालणार थोडंच? दुसरा म्हणतो, चार गोष्टींचा चित्रपट म्हटला की दोन बऱ्या, दोन वाईट हे व्हायचंच. त्यातल्या 'पॅरलल मॉन्स्टर्स' या गोष्टीचे मार्क धरा आणि पास करा. तिसरा गट अभ्यासू. कॅमेरा कुठून आला, पार्श्वसंगीत कोण वाजवतंय असले प्रश्न विचारणं त्याला सोवळेपणा वाटतो; घाबरलात ना, मग झालं. तिन्ही गटांचं म्हणणं ऐकून घेण्यासारखं आहे, आणि तिन्ही गट साप समजून भुई धोपटताहेत.

'व्हायरल' फसला तो फाउंड फुटेज जुनं झाल्यामुळे नाही. तो फसला कारण कॅमेरा कुणी धरलाय, का धरलाय आणि ते चित्रण आपल्यापर्यंत कसं पोचलं हा या प्रकाराचा जीव असलेला प्रश्न त्याला गैरसोयीचा वाटला आणि त्यानं तो टाकून दिला. त्यातली हळहळ अशी की या चित्रपटाचा विषयच तो होता! प्रसिद्धीसाठी सगळं टिपत सुटलेली माणसं, हातोहाती फिरणारे फोन, एका रात्रीत शहरभर पसरणारं चित्रण. ज्या चित्रपटानं हा प्रश्न सर्वांत मोठ्यानं विचारायचा, त्यानंच तो विचारला नाही.

न पाहिलेल्यांसाठी थोडक्यात. चित्रपट जेमतेम ऐंशी मिनिटांचा. चौकटीची गोष्ट 'व्हिशस सर्कल्स', दिग्दर्शक मार्सेल सार्मिएंतो. लॉस एंजेलिसमध्ये आइस्क्रीमच्या एका ट्रकमागे पोलीस लागलेत आणि केव्हिन नावाच्या पोराला तो पाठलाग टिपून नाव कमवायचंय. मग त्याची मैत्रीण आयरिस नाहीशी होते, ती त्या ट्रकमध्ये आहे असं फोनच्या पडद्यावर दिसतं आणि हा मागे धावत सुटतो. या चौकटीत तीन गोष्टी बसवल्यात. ग्रेग बिशपच्या 'दान्ते द ग्रेट'मध्ये एका सुमार जादूगाराला हुदिनी या नामांकित जादूगाराचा म्हणवला जाणारा अंगरखा सापडतो आणि तो अंगरखा माणसं खातो. नाचो व्हिगालोन्दोच्या 'पॅरलल मॉन्स्टर्स'मध्ये एक स्पॅनिश संशोधक तळघरात दुसऱ्या विश्वाचं दार उघडतो आणि दारापलीकडे तोच उभा असतो. जस्टिन बेन्सन आणि अॅरन मूरहेड यांच्या 'बोनस्टॉर्म'मध्ये स्केटबोर्डवाली पोरं मेक्सिकोतल्या तिहुआनाला जाऊन भलत्याच पंथाच्या तावडीत सापडतात. चौथी गोष्टही तयार होती, ती ऐनवेळी काढली गेली आणि पुढे डिस्कवर मिळाली.

आता पहिला आक्षेप, प्रकार मेल्याचा. त्यातलं खरं आधी कबूल करतो. 1999 च्या 'ब्लेअर विच प्रोजेक्ट'नं आणि दहा वर्षांनी थिएटरांत आलेल्या 'पॅरानॉर्मल अॅक्टिव्हिटी'नं निर्मात्यांना एकच धडा दिला: हा स्वस्तातला धंदा आहे. 'पॅरानॉर्मल अॅक्टिव्हिटी' पंधरा हजार डॉलरच्या आसपास बनला आणि त्यानं कोट्यवधी डॉलर कमावले. मग जो तो हलता कॅमेरा घेऊन जंगलात, इस्पितळात, पडक्या वाड्यात शिरला. रिकाम्या खोल्यांकडे बघत बसणं, डोकं गरगरवणारी पळापळ आणि शेवटी जमिनीवर पडलेला कॅमेरा, ही त्रिसूत्री इतकी घोटली गेली की प्रेक्षक जांभया देऊ लागला. आणि प्रत्येक वेळी तोच प्रश्न: मूर्खा, जीव जातोय, ते यंत्र खाली ठेव ना!

पण हा प्रश्न प्रकाराला मारतो की जगवतो? चांगल्या फाउंड फुटेजमध्ये तोच गोष्टीचं इंजिन असतो. 'ब्लेअर विच'मध्ये जंगलात वाट चुकलेला जोश सोबतच्या हेदरला म्हणतो की तुला हा कॅमेरा का आवडतो ते आता कळलं, यातून दिसतं ते खरं वाटतच नाही. म्हणजे कॅमेरा ही तिची ढाल आहे. ती खाली ठेवली तर जंगल खरं होईल. 'पॅरानॉर्मल अॅक्टिव्हिटी'त चित्रीकरण थांबव म्हणून मैत्रीण मागे लागलेली असते आणि तिच्यासोबत राहणाऱ्या मित्राचा हट्ट सुटत नाही. भुताइतकंच ते घर कॅमेऱ्याच्या त्या तिपाईमुळे मोडतं. स्पॅनिश 'रेक'मध्ये बातमीदार बाई कॅमेरामनला सगळं टिपायला बजावत राहते, कारण कोंडून घातलेल्या त्या इमारतीत आत काय चाललंय ते बाहेर कुणी मान्य करणार नाही अशी तिला खात्री आहे. तीन चित्रपट, तीन वेगळी उत्तरं. ज्यांनी उत्तर शोधायचे कष्ट घेतले नाहीत त्यांचे चित्रपट कंटाळवाणे झाले, आणि आपण वड्याचं तेल वांग्यावर काढत प्रकारालाच नावं ठेवू लागलो.

शिवाय हा प्रकार म्हणावा तितका नवाही नाही. ब्रॅम स्टोकरची 'ड्रॅक्युला' 1897 ची. डायऱ्या, पत्रं, तारा, वर्तमानपत्रांतली कात्रणं आणि फोनोग्राफच्या नळकांड्यांवर बोलून ठेवलेली एका डॉक्टरची रोजनिशी, यांची ती चळत आहे. फोनोग्राफ म्हणजे तेव्हाचं सर्वांत नवं यंत्र, त्या काळचा मोबाईलच म्हणा. त्यातल्या जहाजाचा कप्तान सुकाणूला बांधलेल्या स्थितीत मेलेला सापडतो आणि त्याच्या खिशातल्या बाटलीत नोंदी असतात. याहून 'सापडलेलं' ते काय असायचं? पण स्टोकर तिथं थांबत नाही. हे सगळे कागद एकत्र कुणी केले, टंकलिखित कुणी केले, हे तो सांगतो; ते काम कादंबरीची नायिका मीना करते. काउंट ड्रॅक्युला येऊन मूळ हस्तलिखित आणि नळकांडी जाळतो, पण तिजोरीत एक प्रत उरलेली असते, म्हणून पुस्तक उरतं. आणि अगदी शेवटी पात्रंच कबूल करतात की आता हाती नुसता टंकलिखित ढीग आहे, अस्सल म्हणावा असा कागद जवळजवळ नाहीच, आपल्यावर विश्वास कोण ठेवणार? पुरावा कसा उरला हीच भीतीची अर्धी बाजू आहे, हे सव्वाशे वर्षांपूर्वीच्या त्या आयरिश माणसाला कळलं होतं.

आणि 2014 सालीच बाकीचे काय करत होते? 'क्रीप' त्याच वर्षीचा: दोन माणसं, एक कॅमेरा, आणि कॅमेरावाल्याला दिवसाचे पैसे मिळताहेत एवढं साधं कारण. पॅरिसच्या जमिनीखालच्या अस्थिभुयारांत नेणारा 'अॅज अबव्ह, सो बिलो'ही त्याच वर्षीचा. पुढे 2020 मध्ये टाळेबंदीत सगळे घरी कोंडले असताना 'होस्ट'नं तासाभराच्या झूम कॉलवर भल्याभल्यांची गाळण उडवली. मेलेला प्रकार फारच हिंडताफिरता म्हणायचा.

'व्हायरल'नं काय गमावलं ते नीट कळायला त्याच मालिकेतले आधीचे दोन भाग बघावे लागतात. 2012 चा पहिला आणि 2013 चा दुसरा निर्दोष नव्हते. पहिल्यात तर बायकांकडे बघण्याची एक ओंगळ नजर आहे आणि ती पात्रांची की दिग्दर्शकांची हे प्रत्येक वेळी सांगता येत नाही. पण 'कॅमेरा का सुटत नाही' या प्रश्नावर त्या मंडळींनी जी डोकी लढवली ती बघण्यासारखी आहेत. 'अॅमॅच्युअर नाइट'मध्ये कॅमेरा चष्म्यात आहे. पोरांचा हेतूच मुळी चोरून टिपण्याचा, त्यामुळे नजर वळवता येत नाही आणि चष्मा काढताही येत नाही. पहिल्या भागातल्या शेवटच्या गोष्टीत हॅलोविनसाठी एकानं अस्वलाचं सोंग घेतलंय आणि मुलांवर लक्ष ठेवायला खेळण्यात लपवतात तसा कॅमेरा त्या सोंगातच आहे. दुसऱ्या भागात एका माणसाला कृत्रिम डोळा बसवलाय, त्यात कॅमेरा. आणखी एकीत तो कुत्र्याच्या अंगावर. आणि माझी सर्वांत लाडकी, 'अ राइड इन द पार्क': सायकलवाल्याच्या हेल्मेटवर कॅमेरा आहे, त्याला झोंबी चावतो, तो मरतो, उठतो, आणि हेल्मेट डोक्यावरच असल्यामुळे पुढचं सगळं आपण झोंबीच्या डोक्यावरून बघतो. कॅमेरा खाली ठेवायचं त्याला सुचणारच नाही, कारण सुचण्याची सोयच राहिलेली नाही. ही गोष्ट एदुआर्दो सांचेझ आणि ग्रेग हेल यांची. एक 'ब्लेअर विच'चा सहदिग्दर्शक, दुसरा निर्माता. ज्यांनी हा खेळ मांडला त्यांनीच चौदा वर्षांनी येऊन दाखवलं की नियम पाळल्यावरच खोडी काढता येते.

आता 'दान्ते द ग्रेट' बघा. ती माहितीपटाच्या रूपात सुरू होते: मुलाखती, पोलिसांची फीत, जादूगारानं स्वतः टिपून ठेवलेले बळी. इथवर छान. दान्ते आपले गुन्हे का टिपतो? कारण टाळ्यांशिवाय त्याला जगता येत नाही. उत्तर तयार होतं. पण मग मारामारीला तोंड लागतं आणि कॅमेरा मोकाट सुटतो. या खांद्यावरून, त्या कोपऱ्यातून, वरून, खालून. खोलीत दोनच माणसं, दोघंही एकमेकांच्या जिवावर उठलेली, मग हा तिसरा कोण? भूत? असतं तर मजा आली असती.

इथं अभ्यासू गटाची हरकत येते, आणि ती वजनदार आहे. परग्रहवासीयांवरचा 'डिस्ट्रिक्ट 9' माहितीपटासारखा सुरू होतो आणि मध्येच सरळ नेहमीचा चित्रपट होतो. कुणाचं काय बिघडलं? नियम म्हणजे काही देवळातला गाभारा नव्हे. बरोबर. पण 'डिस्ट्रिक्ट 9' मुळात आपल्याला 'हे सापडलेलं चित्रण आहे' असं वचन देत नाही. माहितीपटाचा बाज तो परकेपणा दाखवायला वापरतो, आणि नायकाचा माणूसपणा जसजसा सुटतो तसा तो बाज गळतो. दुसरं उदाहरण 2012 च्या 'क्रॉनिकल'चं. तिथं नायकाला मनाच्या जोरावर वस्तू हलवता येतात, म्हणून तो कॅमेरा हवेत तरंगत ठेवतो. अशक्य कोनांतून घेतलेले शॉट मिळाले, नियमही मोडला नाही, आणि तो पोरगा किती एकटा पडलाय तेही कळलं: त्याला टिपणारं त्याच्याशिवाय कुणी नाही. नियम वाकवायला माझी ना नाही, पण वाकवताना काही मिळालं पाहिजे. 'दान्ते'ला काय मिळालं? चार-दोन झकास फेकाफेकी, ज्या कुठल्याही अॅक्शनपटात मिळतात. आणि घालवलं काय? फाउंड फुटेजमध्ये माझी भीती पडद्यावरच्या राक्षसाची असतेच, पण त्याहून जास्त असते ती न दिसणाऱ्या बाजूची. कॅमेरा एका माणसाचा आहे, म्हणजे त्याच्या पाठीमागे काय आहे ते मला दिसणार नाही. चहूकडून दिसू लागलं की पाठ उरत नाही, आणि पाठ नसेल तर मागून येणार काय आणि कोण? 'भीती वाटली की झालं' म्हणणाऱ्यांना माझा एवढाच सवाल आहे: वाटली का?

राहिला सरासरीवाल्यांचा गट. 'पॅरलल मॉन्स्टर्स' चांगली आहे हे कबूल करायला मला कुणी धमकवायला नको. ती चांगलीच आहे. दोन आल्फोन्सो, एकमेकांशी केलेला पंधरा मिनिटांचा सौदा, दोघांच्या हातात एकेक कॅमेरा. टिपण्याचं कारण शास्त्रीय नोंदीचं, त्यामुळे कॅमेरा हातात असण्याला प्रश्नच नाही. पलीकडचं घर तेच, दिवाणखाना तोच, पण भिंतीवरचा क्रूस उलटा. पुढचं सांगत नाही. लाज आणि शहारा एकदम आणणारी गोष्ट आहे. तरीही 'ही एक चांगली आहे, म्हणून चित्रपट ठीक' हा हिशेब भाजीबाजारातला झाला, अर्धी मेथी निवडून घ्या आणि उरलेली टाका.

गोष्टींच्या माळेत दोरा कशासाठी असतो? आपण तर हे वेताळ पंचविशीवर वाढलेले लोक. विक्रम खांद्यावर प्रेत घेऊन चाललाय. बोलला तर वेताळ पुन्हा झाडावर, आणि उत्तर ठाऊक असून गप्प राहिला तर डोक्याची शकलं. प्रत्येक गोष्टीगणिक राजाला काहीतरी पणाला लावावं लागतं. शेवटी एक कोडं असं येतं की उत्तरच नाही, राजा खरोखर निरुत्तर होतो, आणि त्या गप्प राहण्यामुळेच वेताळ प्रसन्न होऊन योग्याचा कावा त्याला सांगतो. चौकटीतली गोष्ट ही सगळ्या गोष्टींचं मोल ठरवते. त्यातल्या चार-पाच गोष्टी फिक्या आहेत म्हणून पंचविशीला कुणी कमी मार्क देत नाही, कारण राजा चालत असतो.

पडद्यावरचं उदाहरण 1945 च्या ब्रिटिश 'डेड ऑफ नाइट'चं. चार दिग्दर्शक, पाच गोष्टी, एक चौकट. त्यात गोल्फ खेळणाऱ्या दोघांची एक गोष्ट आहे, विनोदी, आणि बहुतेकांच्या मते सर्वांत फिकी. अमेरिकेत प्रदर्शित करताना ती गोष्ट आणि आणखी एक कापून टाकण्यात आली. सरासरीच्या हिशेबानं चित्रपट सुधारायला हवा होता. झालं उलटंच. शेवटी चौकटीच्या गोष्टीचा नायक असलेल्या वास्तुविशारदाच्या डोक्यात सगळ्या गोष्टी एकमेकींत मिसळून दुःस्वप्न होतं. त्यात कापलेल्या गोष्टींतली पात्रं येतात, आणि ही कोण उपटली हे प्रेक्षकाला समजेना. फिकी गोष्टसुद्धा भार वाहत होती. (याच चित्रपटाच्या गोल फिरून सुरुवातीला येणाऱ्या रचनेवरून खगोलशास्त्रज्ञ फ्रेड हॉईल आणि त्याच्या मित्रांना, विश्वाला आरंभ नाही आणि अंतही नाही असं मानणाऱ्या स्थिर-स्थिती सिद्धांताची कल्पना सुचली असा किस्सा सांगतात. पुढे तो सिद्धांत मागे पडला. चित्रपट अजून बघितला जातो.)

या कसोटीवर 'व्हायरल'ची चौकट कुठे बसते? पहिल्या भागात चोरीला आलेली टोळी एका म्हाताऱ्याच्या प्रेतासमोर बसून टेपा बघते. दुसऱ्यात हरवलेल्या विद्यार्थ्याच्या शोधात आलेले दोन खासगी गुप्तहेर. एक घर धुंडाळतो, दुसरी टेपा बघते आणि बघता बघता बिघडत जाते. म्हणजे बघणारं कुणीतरी आहे, आणि बघण्याची किंमत आहे. 'व्हायरल'मध्ये दान्तेची गोष्ट कोण बघतंय? तिहुआनाची फीत कुणाला सापडली? कुणी बघत नाही, कुणाला सापडत नाही. ट्रक धावतो, पडदा खरखरतो, गोष्ट येते, संपते, पुन्हा ट्रक धावतो. दूरदर्शनवर पूर्वी 'व्यत्यय'ची पाटी लागायची, तिच्याशीही चित्रपटाचं याहून जास्त नातं असायचं.

एवढं होऊनही मी या चौकटीवर चिडलो नसतो, ती टाकाऊ कल्पना असती तर. पण ती लॉस एंजेलिसमध्ये घडते! पाहणं, टिपणं आणि दाखवणं यांचा इतका रक्ताळलेला इतिहास दुसऱ्या कुठल्या शहराला क्वचितच असेल. 3 मार्च 1991 च्या रात्री जॉर्ज हॉलिडे नावाच्या माणसानं आपल्या घराच्या बाल्कनीतून हँडीकॅमवर रॉडनी किंग या कृष्णवर्णीय माणसाला पोलीस बडवताना टिपलं. त्यानं ती टेप स्थानिक वाहिनीला दिली, जगानं बघितली. टेप आहे म्हणजे न्याय होणार, असंच सगळ्यांना वाटलं. पोलिसांच्या वकिलांनी कोर्टात तीच टेप हळू करून, चौकट चौकट थांबवून दाखवली आणि प्रत्येक फटक्याला कारण लावलं. 29 एप्रिल 1992 ला ज्युरीनं पोलिसांना जवळजवळ सगळ्या आरोपांतून मोकळं केलं, आणि त्यानंतरच्या दंगलींत पन्नासहून जास्त माणसं मेली. टेप तीच. दाखवणारा बदलला, वेग बदलला, अर्थ उलटा झाला. याहून भयंकर फाउंड फुटेज कुणी लिहू शकेल?

दोन वर्षांनी, 17 जून 1994 ला, त्याच शहरात खुनाचा संशयित असलेला माजी फुटबॉलपटू ओ. जे. सिम्प्सन याला घेऊन एक पांढरी ब्रॉन्को गाडी हमरस्त्यांवरून संथ चालली होती, मागे पोलिसांचा ताफा, वर वाहिन्यांची हेलिकॉप्टरं. सुमारे साडेनऊ कोटी लोकांनी ते थेट बघितलं. पण मला त्यातली जास्त अंगावर येते ती पुलांवरची गर्दी. लोक पाट्या घेऊन, हात हलवत, जत्रेला यावं तसे उभे होते. दोन माणसांचा खून झालाय आणि संशयित खाली गाडीत आहे. आइस्क्रीमच्या ट्रकमागे धावणारे पोलीस आणि रस्त्याकडेला फोन उगारलेले लोक ही 'व्हायरल'ची कल्पना थेट या दिवसाची नात आहे. दिग्दर्शकाला ते ठाऊक नसेल असं मी म्हणत नाही. पण त्या गर्दीला चेहरा द्यायला चित्रपटाला वेळ नाही. ते लोक कॅमेरा का उगारतात? मदत करता येत नाही म्हणून? आपण तिथे होतो हे सांगायला? की टिपलं म्हणजे आपलं कर्तव्य झालं असं वाटतं म्हणून? द्रुतगती मार्गावर उलटलेल्या गाडीभोवती उभ्या राहणाऱ्या घोळक्यात मी स्वतः एकदा उभा होतो, खिशात हात गेला होता तो फोन काढायलाच, आणि कुणाला फोन लावायचा म्हणून नव्हे. त्या क्षणाबद्दल मला कुणी भयपट दाखवला तर मी खुर्चीत आक्रसून बसेन. 'व्हायरल' त्या क्षणाशेजारून शंभराच्या वेगानं निघून जातो. शेवटी केव्हिनला एकच काम सांगितलं जातं, चित्रण अपलोड कर. कल्पना म्हणून जबर आहे. पण तोवर केव्हिन कोण, त्याला हे का हवंय, आयरिसवर त्याचं प्रेम जास्त की तिच्या चित्रणावर, यातलं काहीच उभं न राहिल्यामुळे ते बटण दाबलं काय आणि न दाबलं काय.

'बोनस्टॉर्म'चीही तीच गत. स्केटबोर्डवाल्या पोरांना टिपणाऱ्याची छुपी इच्छा आहे की एखादा पोरगा कॅमेऱ्यासमोर मरावा. बघा, बी पेरलेलं आहे! तेच बी चौकटीतही आहे, दान्तेतही आहे. तिन्ही गोष्टी एकाच रोगाबद्दल बोलू शकल्या असत्या. पण सांगाडे उठतात, गोळ्या सुटतात, डोक्यांवरचे कॅमेरे गरगरतात, आणि पुढची मिनिटं आपण दुसऱ्याला व्हिडिओ गेम खेळताना बघत बसतो. बेन्सन-मूरहेड जोडीचे बाकीचे चित्रपट ज्यांनी बघितलेत त्यांना हे जास्त लागतं, कारण त्यांना डोकं वापरता येतं हे माहीत असतं.

कुणी म्हणेल, एवढ्या कमी पैशांत, इतक्या दिग्दर्शकांना एका दोऱ्यात ओवून हे जमवायचं कसं? दिबाकर बॅनर्जींचा 2010 चा 'लव्ह सेक्स और धोखा' काढून बघा. भयपट नाही तो, पण माझ्यापुरता आपल्याकडचा सर्वांत भीतीदायक फाउंड फुटेज तोच. पदविकेसाठी सिनेमा करणाऱ्या पोराचा कॅमेरा, दुकानातले सीसीटीव्ही, स्टिंग ऑपरेशनचा छुपा कॅमेरा, अशा तीन गोष्टी. पात्रं एकीतून दुसरीत डोकावतात. प्रत्येक वेळी कॅमेरा कुणाचा हे कळतं, आणि त्यावरूनच कोण कुणाला विकतंय हे कळतं. पहिल्या गोष्टीच्या शेवटी कॅमेरा चालू असताना जे घडतं ते बघताना अमेरिकेतला एकही सांगाडा मला आठवला नाही. एकाच दिग्दर्शकानं केल्यामुळे ते सोपं गेलं असेल हे मान्य. पण दोरा ओवायला पैसे लागत नाहीत, कथा लिहितानाच तो हातात असावा लागतो.

'व्हायरल'नंतर मुख्य मालिका सात वर्षं गप्प होती. 2021 मध्ये ती परतली ती 'व्हीएचएस/94' होऊन, आणि मग '99', '85'. फोनवरून पुन्हा टेपवर, आजमधून पुन्हा भूतकाळात. चाहते खूश झाले: बघा, टेपवर गेल्यावर गाडी रुळावर आली की नाही! '94'मधली क्लोई ओकुनोची 'स्टॉर्म ड्रेन' उत्तम आहे यात वाद नाही; बातमीदार आणि तिचा कॅमेरामन गटारात शिरतात, आणि बातमी हवी असल्यामुळे कॅमेरा बंद होत नाही. पण टेपवर गेल्यानं अडचण सुटली असं मला वाटत नाही, ती टळली. जुन्या यंत्रांना स्वतःची कारणं असतात, ती आयती मिळतात. आजच्या फोनचं कारण शोधायला डोकं खाजवावं लागतं, आणि ते काम 'व्हायरल'नं अर्धवट सोडलं म्हणून पुढच्यांनी वाटच बदलली.

पुरती नाही बदलली. 2024 च्या 'व्हीएचएस/बियॉन्ड'मध्ये विराट पाल यांची 'ड्रीम गर्ल' नावाची गोष्ट आहे आणि ती चक्क मुंबईत घडते. दोन पापाराझी एका तारकेच्या व्हॅनिटी व्हॅनपर्यंत चोरून पोचायला निघालेत. पुढे ती गोष्टही रक्ताच्या चिळकांड्यांत वाहून जाते आणि शेवटाला थोडी शुद्ध हरपते. पण सुरुवातीला ते दोघं सेटच्या गर्दीत अंग चोरून पुढे सरकत असतात, तेव्हा कॅमेरा कुणाच्या हातात आहे हा प्रश्न मला एकदाही पडला नाही. त्यांचं पोट त्याच्यावर होतं.